सल्ला सरकारला, पुस्तक जनतेला

पहिलीपासून हिंदी हवी की नको, यावर २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात रान पेटले होते. १६ एप्रिलचा शासन निर्णय, मग ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द घालून १७ जूनला आलेला दुसरा निर्णय, आणि २९ जूनला दोन्ही मागे. मधल्या काळात दोन्ही बाजूंचे नेते आधीच्या ठाकरे सरकारने शिक्षण धोरणासाठी नेमलेल्या माशेलकर समितीच्या अहवालावरून एकमेकांवर तुटून पडत होते. समितीने नेमके काय सुचवले होते, आधीच्या मंत्रिमंडळाने त्यातले काय स्वीकारले होते, याची उत्तरे बोलणाऱ्यागणिक बदलत होती.

या प्रश्नाचे एक स्वच्छ उत्तर १९६६ पासून छापून पडलेले आहे. प्राथमिक शाळेच्या पहिल्या टप्प्यात एकच भाषा सक्तीची, मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा. वरच्या प्राथमिक वर्गांत दुसरी. तिसरी भाषा आठवीपासून. कोठारी आयोगाने सुचवलेला हा क्रम आहे. त्रिभाषा सूत्राचे नाव घेऊन भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो उघडून पाहिला असावा, पण ज्यांनी पाहिला त्यांच्या हाती एक भक्कम कागद होता. साठ वर्षांपूर्वीचा सरकारी सल्ला नागरिकाला सरकारच्या विरोधात वापरता आला, कारण तो सल्ला कधी लपवलेलाच नव्हता.

हा सल्ला देणारा माणूस मुळात शिक्षणतज्ज्ञ नव्हता. दौलतसिंह कोठारी हे ताऱ्यांच्या अंतरंगाचे गणित मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ. पुढे ते देशाचे पहिले संरक्षणविषयक वैज्ञानिक सल्लागार झाले, मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, मग शिक्षण आयोगाचे. त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना मला एक गोष्ट आजच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वैज्ञानिक सल्लागार हा सरकारचा नोकर असतो, पण त्याचा सल्ला सरकारच्या मालकीचा नसतो. तो जनतेपुढे ठेवला गेला पाहिजे, आणि सरकारने तो फेटाळला तर का फेटाळला हेही लेखी सांगितले पाहिजे. आपल्याकडे ही पद्धत कधीच नव्हती असे नाही. ती होती, आणि आपण ती घालवली.

कोठारींचा जन्म ६ जुलै १९०६ चा, उदयपूरचा. वडील लहानपणीच गेले. शालेय शिक्षणाचा काही भाग होळकरांच्या इंदुरात झाला. पुढे मेवाड दरबारची शिष्यवृत्ती घेऊन ते अलाहाबादला गेले आणि तिथे त्यांना मेघनाद साहा भेटले. साहांनी १९२० मध्येच ताऱ्यांच्या वर्णपटाचे कोडे सोडवले होते. ताऱ्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेषा केवळ त्यात कोणती मूलद्रव्ये आहेत एवढेच सांगत नाहीत. तापमान आणि दाब यांनुसार अणूंमधून इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटे होतात, त्यावर त्या रेषा ठरतात. साहांच्या समीकरणामुळे रेषांवरून ताऱ्याचे तापमान काढता येऊ लागले. जगभरच्या वेधशाळांत साठलेल्या हजारो वर्णपटांना त्या एका समीकरणाने अर्थ दिला.

शिष्याने त्याच प्रश्नाची दुसरी बाजू धरली. कोठारी १९३० मध्ये केंब्रिजला गेले. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते आर. एच. फाउलर. श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आक्रसलेल्या, ताऱ्यांमधले द्रव्य इतके दाटीवाटीचे असते की त्याला नेहमीचे वायूंचे नियम लागू होत नाहीत, हे फाउलर यांनी १९२६ मध्ये दाखवले होते. त्याच सुमारास त्यांच्या हाताखाली चंद्रशेखरही काम करत होते. कोठारींनी पुढे, दिल्ली विद्यापीठात आल्यावर, असे मांडले की अणू फुटायला उष्णताच लागते असे नाही. नुसता प्रचंड दाबही इलेक्ट्रॉनांना अणूपासून सोडवतो. त्यांचा या विषयावरचा निबंध १९३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्यातून निघणारा एक निष्कर्ष मला अजूनही मोहात पाडतो. थंड गोळ्यात द्रव्य भरत गेलात तर तो काही काळ वाढतो, पण एका मर्यादेनंतर आणखी द्रव्य घातले की तो आक्रसू लागतो. ही मर्यादा साधारण गुरू ग्रहाएवढी येते. म्हणजे गुरूपेक्षा फारसा मोठा थंड ग्रह निसर्गात असूच शकत नाही. दिल्लीत बसून, दुर्बिणीला हात न लावता, कागदावर काढलेले हे उत्तर.

अशा माणसाला १९४८ मध्ये नेहरूंनी संरक्षण मंत्रालयात बोलावले. त्यामागे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पी. एम. एस. ब्लॅकेट होते. दुसऱ्या महायुद्धात नौदल आणि विमानदलासाठी गणिती पद्धतीने निर्णय घ्यायचे शास्त्र उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. नव्या भारताने संरक्षणासाठी विज्ञान कसे वापरावे, हे नेहरूंनी त्यांना विचारले होते. ब्लॅकेट आणि कोठारी दोघेही केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या वातावरणात घडलेले. कोठारी जैन, शाकाहारी, गांधींच्या विचारांचे. असा माणूस तोफा आणि दारूगोळ्याच्या विज्ञानाचा प्रमुख झाला, यातली विसंगती आजही कुणाला खटकेल. मला ती विसंगती उपयोगी वाटते. शस्त्रांविषयी सल्ला देणाऱ्याला शस्त्रांचे प्रेम असलेच पाहिजे अशी काही अट नाही. नसले तर बरेच.

कोठारींच्या काळात संरक्षण विज्ञानाची जी उभारणी झाली, तिचा मोठा भाग महाराष्ट्रात आहे. खडकीला १९५२ मध्ये शस्त्रास्त्रविषयक अभ्यास संस्था निघाली. तिचाच पुढचा अवतार म्हणजे गिरीनगरची आजची संरक्षण तंत्रज्ञान संस्था. पाषाणची शस्त्रास्त्र संशोधन प्रयोगशाळा १९५८ ची. त्याच वर्षी सगळ्या विखुरलेल्या संस्था एकत्र करून डीआरडीओ स्थापन झाली. या काळाबद्दल फार गोडगोड बोलण्याचे कारण नाही. १९६२ मध्ये आपले जवान जुन्या थ्री-नॉट-थ्री बंदुका घेऊन हिमालयात उभे होते. प्रयोगशाळेपासून छावणीपर्यंतचा रस्ता तेव्हाही लांब होता आणि आजही आहे. पण कोठारींनी या सगळ्यात दिल्ली विद्यापीठातले आपले प्राध्यापकपद सोडले नाही. सल्लागाराला परत जायला स्वतःचा वर्ग असणे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्याची खुर्ची मंत्र्याच्या मर्जीवर नाही, त्याची जीभ जरा मोकळी राहते.

आता १९५४ कडे येऊ. १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट पंधरा मेगाटनांचा झाला, म्हणजे हिरोशिमाच्या सुमारे हजारपट, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा. दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. तिच्यावरचे तेवीस खलाशी आजारी पडले आणि बोटीचा बिनतारी यंत्रचालक सप्टेंबरात दगावला. राखेत काय होते, ती किती दूर जाते, पिढ्यान्‌पिढ्या तिचे काय परिणाम होतील, यावर चाचण्या करणारे देश मोघम बोलत होते. नेहरूंनी २ एप्रिलला लोकसभेत चाचण्या थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. त्यातली एक मागणी फारशी कुणाच्या लक्षात नसते. या शस्त्रांची विध्वंसशक्ती आणि त्यांचे ज्ञात परिणाम यांना पूर्ण प्रसिद्धी द्या, असे त्यांनी शस्त्रे बनवणाऱ्या देशांना आणि संयुक्त राष्ट्रांना सांगितले होते.

त्या देशांनी ते सांगितले नाही. तेव्हा भारताने ते काम स्वतः केले. नेहरूंच्या सूचनेवरून कोठारींनी अणुस्फोट आणि त्यांचे परिणाम या विषयावर एक पुस्तक तयार केले. भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने ते १९५६ मध्ये काढले. प्रस्तावना नेहरूंची. साखळी अभिक्रिया, स्फोटाची लाट, उष्णता, किरणोत्सारी धूळ, वंशावर होणारे परिणाम, सगळे आकड्यांसकट, घोषणाबाजी न करता. जगात गाजलेली ही पुस्तिका पुढे इतर भाषांतही गेली. मला यातली जी गोष्ट विलक्षण वाटते ती लिहिणाऱ्याच्या पदाविषयी आहे. हे लिहिणारा शांततावादी चळवळीतला कार्यकर्ता नव्हता. तो सरकारचा संरक्षण सल्लागार होता, पदावर असताना. तोफखान्याच्या कामाचे त्याचे कागद अर्थातच बंद कपाटात राहिले, आणि ते राहायलाच हवेत. पण अण्वस्त्रे माणसाचे काय करतात हे कळण्याचा हक्क प्रत्येक वाचकाचा आहे, एवढे त्याला आणि त्याच्या पंतप्रधानांना मान्य होते.

पंतप्रधान एकच, पण अणुऊर्जेच्या बाबतीत त्याच नेहरूंचे धोरण नेमके उलटे होते हेही सांगितले पाहिजे. १९४८ चा अणुऊर्जा कायदा संविधान सभेत आला तेव्हा एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी विचारले होते की आपल्या कायद्यातली गुप्तता ब्रिटिश कायद्यापेक्षाही कडक का. नेहरूंचे उत्तर असे, की शांततेसाठीचा उपयोग आणि युद्धासाठीचा उपयोग वेगळे करणे अवघड आहे. त्या कायद्याखाली होमी भाभांनी जी संस्था उभी केली तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तिथे सल्ला देणारा, काम करणारा आणि त्या कामाचे मूल्यमापन करणारा एकच राहिला. बाहेरच्याला विचारायला जागा उरली नाही.

विचारणारा एकजण होता, आणि तो कोठारींचाच गुरू. साहांना सरकारी सल्लागार होणे मानवले नसते. स्वभाव तिखट, खेड्यातल्या गरीब दुकानदाराच्या घरातून वर आलेले, अपमान न विसरणारे. तरी देशाच्या नियोजनात त्यांचा हात सगळ्यांत आधी लागला. १९३५ मध्ये त्यांनी विज्ञान आणि समाज यांवरचे मासिक सुरू केले. १९३८ मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना जी राष्ट्रीय नियोजन समिती बनली, तिच्यामागचा एक आग्रह साहांचा होता. दामोदर नदीच्या पुरांवर ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले आणि दामोदर खोरे महामंडळ त्यातून पुढे आले. १९५२ मध्ये ते कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले आणि तिथून अणुऊर्जेतल्या गुप्ततेवर टीका करत राहिले. आधी विद्यापीठांत माणसे तयार करा, आयोग नंतर काढा, हा त्यांचा मुद्दा. त्यांना हेकट म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. विद्यापीठांमधले विज्ञान पुढे कसे सुकत गेले हे पाहिल्यावर हेकटपणा कुणाचा, असे विचारावेसे वाटते.

पण बाहेरून बोलणाऱ्या साहांनीही सरकारचे एक काम मनापासून केले, आणि ते खगोलशास्त्राचेच होते. १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीचे ते अध्यक्ष. सदस्यांत नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते, करंदीकर ‘केसरी’चे माजी संपादक. टिळक पंचांग की जुने पंचांग यावर महाराष्ट्रात किती शाई आणि किती नाती खर्ची पडली होती, हे जाणणारे हे लोक. समितीचा अहवाल १९५५ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. देशात तीस वेगवेगळ्या कालगणना चालतात, असे नेहरूंनी त्याच्या प्रास्ताविकात लिहिले आहे. २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली.

तिचे पुढे काय झाले हे आपण जाणतोच. आकाशवाणीवर ‘भारतीय सौर दिनांक’ ऐकू येतो, राजपत्रावर छापला जातो, आणि आपला भाडेकरार काही त्या तारखेने होत नाही. सरकारने स्वीकारलेला भाग लोकांनी सोडून दिला. पण त्याच अहवालात समितीने अयनांशाचे, म्हणजे वसंतसंपात आणि पंचांगातल्या राशिचक्राचा आरंभ यांतल्या अंतराचे, मूल्य ठरवून दिले होते, २१ मार्च १९५६ ला २३ अंश १५ कला. ते मात्र पंचांगकर्त्यांनी देशभर उचलले. घरोघरी भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेतला सणवार आज बहुतेक ठिकाणी त्याच गणितावर उभा आहे. एकच अहवाल, त्यातला सरकारी हुकूम कागदावर राहिला आणि हुकूम नसलेला भाग लोकांच्या घरात गेला. अहवाल फायलीत राहिला असता तर हे दुसरे घडलेच नसते. साहा हे सगळे पाहायला उरले नाहीत. १६ फेब्रुवारी १९५६ ला दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे चालत जात असताना ते रस्त्यातच कोसळले.

शिष्याचे सगळ्यांत मोठे काम अजून पुढे होते. जुलै १९६४ मध्ये शिक्षण आयोग नेमला गेला. कोठारी अध्यक्ष आणि सदस्य-सचिव जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे हे नाईक म्हणजे आयोगाची लेखणी आणि पाठीचा कणा. खेड्यातल्या शाळा त्यांनी स्वतः चालवून पाहिलेल्या. आयोगात परदेशी सदस्यही होते, जपानपासून सोव्हिएत संघापर्यंतचे. जून १९६६ मध्ये अहवाल सादर झाला. भारताचे भवितव्य तिच्या वर्गखोल्यांत घडत आहे, हे त्याचे पहिले वाक्य आजही प्रत्येक शिक्षकदिनाच्या भाषणात येते. दुसऱ्या पानापासून पुढे कुणी जात नाही, हा भाग वेगळा.

पुढे गेले तर अडचण होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, असे आयोगाने म्हटले. तो आकडा आजवर गाठला गेलेला नाही, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने पुन्हा तोच सहा टक्क्यांचा संकल्प लिहिला. आयोगाने परिसरशाळेची कल्पना मांडली: वस्तीतली सगळी मुले, मालकाची आणि मोलकरणीची, एकाच शाळेत. ती कुणी गंभीरपणे घेतलीच नाही. घेतले ते दहा-दोन-तीनचे सूत्र. जुनी अकरावीची मॅट्रिक गेली, दहावी-बारावी आली, आणि बारावीच्या निकालावर आख्खी घरे टांगणीला लागू लागली. सरकारने अहवालातला सांगाडा घेतला आणि रक्तमांस सोडून दिले. ही निवड कोणी केली, कोणत्या कारणांनी केली, याची लेखी उत्तरे मिळाली नाहीत. पण काय सोडून दिले हे आपण आज बोट ठेवून दाखवू शकतो, ते अहवाल सर्वांपुढे असल्यामुळेच.

कोठारींचा आणखी एक सल्ला पुण्याच्या सदाशिव पेठेत रोज भेटतो, फक्त त्यावर त्यांचे नाव नसते. लोकसेवा आयोगाच्या भरतीपद्धतीवर त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९७६ चा. १९७९ पासून पूर्वपरीक्षा आली आणि मुख्य परीक्षेची उत्तरे आठव्या अनुसूचीतल्या भाषांत लिहिण्याची मुभा मिळाली. मराठीतून उत्तरे लिहून कलेक्टर होण्याचे स्वप्न जी मुले अभ्यासिकांत बसून पाहतात, त्या स्वप्नाचा कायदेशीर पाया हा आहे. इंग्रजी न येणारा उमेदवार हुशार असू शकतो, हे ताऱ्यांचे गणित करणाऱ्या एका राजस्थानी प्राध्यापकाने सरकारला पटवले.

आता अलीकडच्या काळात या. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली २०१० मध्ये तज्ज्ञगट नेमला गेला. त्याने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. पर्यावरण मंत्रालयाने तो दडवला. माहितीच्या अधिकारात एका नागरिकाने मागितला तर नकार. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल २०१२ मध्ये तो जाहीर करण्याचा आदेश दिला, तर मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तिथे हरल्यावर मे महिन्यात अहवाल लोकांसमोर आला. म्हणजे सह्याद्रीतल्या गावांबद्दलचा सल्ला त्या गावांना कळू नये म्हणून सरकारने त्याच गावांच्या कराच्या पैशातून वकील उभे केले. या नऊ महिन्यांत अहवालाविषयी अफवा मात्र मुक्तपणे फिरल्या. घरावर कौल घालायलाही परवानगी लागेल, शेती बंद होईल, वगैरे. अहवाल हातात नसलेल्या माणसाने त्या खोट्या ठरवायच्या तरी कशाच्या जोरावर?

त्यानंतर सरकारने दुसरा गट नेमला. त्याचे अध्यक्ष के. कस्तुरीरंगन, आणि इथे पुन्हा एक खगोलशास्त्रज्ञ आपल्या गोष्टीत येतो. मुंबई विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतून उच्च ऊर्जा खगोलशास्त्रातली डॉक्टरेट, मग इस्रोचे प्रमुख, नियोजन आयोगाचे सदस्य, आणि पुढे २०२० च्या शिक्षण धोरणाच्या मसुद्याचे अध्यक्ष. कोठारींनंतर अर्ध्या शतकाने शिक्षणाचा आराखडा पुन्हा क्ष-किरण आणि तारे पाहणाऱ्याच्या हाती गेला, हा योगायोग विरळाच. त्यांच्या गटाचा घाटाविषयीचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये आला आणि तो लगेच हरकतींसाठी खुला झाला. शिक्षण धोरणाचा मसुदाही २०१९ मध्ये लोकांपुढे ठेवला गेला आणि भाषेच्या कलमावर दक्षिणेत गदारोळ होताच काही दिवसांत बदललाही गेला. हा चांगला बदल होता आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. त्याच विषयावरच्या आधीच्या सुब्रमणियन समितीचा अहवाल २०१६ मध्ये मंत्रालय प्रसिद्धच करत नव्हते, तेव्हा समितीच्या अध्यक्षांनाच जाहीर तक्रार करावी लागली होती.

गाडगीळ आणि कस्तुरीरंगन यांच्यात मतभेद होता तो सल्ला कुणासाठी, यावर. कस्तुरीरंगन गटाने उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग, साधारण ६० हजार चौरस किलोमीटर, संवेदनशील म्हणून आखला. गाडगीळांचे म्हणणे होते की अहवाल स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे न्या, आणि मग सीमा ठरवा. त्यांनी कस्तुरीरंगन यांना खुले पत्र लिहिले. आर्थिक निर्णयांत स्थानिक लोकांचे काही चालत नाही, अशी धारणा तुमच्या गटाने स्वीकारलीच कशी, हा त्या पत्राचा गाभा होता. वरून पाहणाऱ्याला सीमा स्पष्ट दिसते, पण तिच्या आत राहणारा माणूस दिसत नाही. खगोलशास्त्रज्ञाच्या शिस्तीचे मोल मी वर सांगितलेच आहे. अपुऱ्या प्रकाशावरून निष्कर्ष काढण्याची आणि आपल्या अंदाजातली चूक किती असू शकते हे सांगण्याची त्याला सवय असते. पण तारे उलट बोलत नाहीत. माणसे बोलतात, आणि ते ऐकण्याची सवय त्याला वेगळी लावून घ्यावी लागते.

सल्ला उघड करण्याच्या विरोधातला सगळ्यांत गंभीर युक्तिवाद असा आहे, की सगळे छापले जाणार म्हटल्यावर तज्ज्ञ हातचे राखून बोलतील आणि मंत्री त्यांना बोलावणेच बंद करतील. यात तथ्य आहे. म्हणून बंद खोलीत कोण काय म्हणाले, याचे इतिवृत्त काही काळ बंद ठेवायला माझी हरकत नाही. पण खोलीतून बाहेर पडलेला अंतिम सल्ला वेगळा. आणि गुप्त सल्ल्याने सल्लागाराचे वजन वाढते हेही खरे नाही. ऑस्ट्रेलियात पेनी सॅकेट या खगोलशास्त्रज्ञ २००८ मध्ये मुख्य शास्त्रज्ञ झाल्या. माउंट स्ट्रॉम्लो वेधशाळेच्या माजी संचालक, दूरच्या ग्रहांचा शोध घेणाऱ्या. पाच वर्षांची मुदत अर्धीही उरकली नव्हती तोच २०११ च्या फेब्रुवारीत त्यांनी पद सोडायचे जाहीर केले. त्यांनी कारणे व्यक्तिगत आणि व्यावसायिक म्हणून सांगितली, पण पंतप्रधानांची भेट त्यांना क्वचितच मिळाली हे सिनेटच्या चौकशीत पुढे आलेच. पद मोठे, दार बंद. अशा वेळी सल्लागारापाशी एकच बळ उरते: त्याचे म्हणणे लोकांनी वाचलेले असणे.

ब्रिटनने हा धडा महाग किंमत देऊन घेतला. वेड्या गायींच्या रोगात सरकारने वर्षानुवर्षे गोमांस निर्धोक असल्याचे सांगितले. मार्च १९९६ मध्ये माणसांतल्या रोगाशी संबंध असल्याची कबुली द्यावी लागली. २००० मधल्या फिलिप्स चौकशीने शास्त्रीय सल्ला उघड ठेवण्याचा आग्रह धरला. तरी २०२० च्या कोविडमध्ये तिथल्या सल्लागार गटाची नावे आणि टिपणे आधी गुप्तच होती. दबाव आला तेव्हा मे महिन्यापासून ती प्रसिद्ध होऊ लागली आणि आकाश कोसळले नाही. लोकांनी टाळेबंदीच्या तारखांवरून सरकारला झोडपले, सल्लागारांनाही झोडपले, आणि सल्ला देणे चालूच राहिले.

आपल्याकडे १९९९ पासून प्रमुख वैज्ञानिक सल्लागाराचे कार्यालय आहे. अब्दुल कलाम पहिले, मग सोळा-सतरा वर्षे चिदंबरम, मग विजयराघवन, आता अजय सूद. माणसे मोलाची. पण कोणत्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिमंडळाला नेमका काय सल्ला दिला आणि मंत्रिमंडळाने त्याचे काय केले, हे नागरिकाने शोधायचे म्हटले तर हाती फारसे लागत नाही. यासाठी नवा कायदाही नको. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये हे लिहिलेलेच आहे: महत्त्वाचे धोरण आखताना संबंधित सर्व तथ्ये प्रसिद्ध करा, आणि निर्णयांची कारणे बाधित लोकांना सांगा. कुणी मागितल्यावर नव्हे, आपणहून. या कलमाला नियमांची जोड हवी. समितीने अहवाल दिल्यापासून साठ दिवसांत तो मराठीसह प्रकाशित व्हावा, आणि शासन निर्णयासोबत स्वीकारलेल्या व नाकारलेल्या शिफारशी कारणांसह छापाव्यात. संरक्षणाच्या फायली वगळा, चालू निविदा वगळा. पाठ्यपुस्तके, धरणे, डोंगर, औषधे, हवा यांविषयीचे सल्ले वगळण्याचे कारण काय?

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना २०१४ पासून पुनःपुन्हा निघते आहे. सहावी निघाली ३१ जुलै २०२४ ला, वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. तिच्यात महाराष्ट्रातले १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र येते. हरकतींसाठी साठ दिवस दिले गेले. त्या साठ दिवसांत सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कोल्हापूर, साताऱ्यातल्या ज्या ग्रामसभांना मत द्यायचे होते, त्यांच्यापुढे २०११ चा आणि २०१३ चा अहवाल मराठीत ठेवण्याची जबाबदारी कुणाची, हे अधिसूचनेत कुठेही लिहिलेले नव्हते. सातवी निघेल तेव्हा हरकतींची मुदत अहवाल गावात पोचल्याच्या तारखेपासून मोजावी.